बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून फाइली काढायच्या तर

गेल्या पावसाळ्यात बेळगावातल्या वडगावहून मामांचा फोन आला. "अरे, सीपीयू चालूच होईना बघ. सगळा हिशोब त्यातच हाय. येऊन जातोस काय?" मी पोचेपर्यंत मामांनी पॉवरचं बटण वीस-पंचवीस वेळा दाबून बघितलं होतं. शेजारच्या पोरानं कॅबिनेटला दोन थापा मारल्या होत्या. आणि एक ओळखीचा माणूस "विंडोज मारून देतो, होईल चालू" असं सांगून गेला होता. तिन्हींत हे शेवटचं सगळ्यात घातक, कारण विंडोज असं नव्यानं मारताना डिस्क फॉरमॅट करतात, म्हणजे पुसून टाकतात. मामा त्याला होय म्हणाले असते तर यंत्रमागाचा दहा वर्षांचा हिशोब, सूतवाल्यांची देणी, साड्यांची येणी, सगळं एका दुपारीत साफ झालं असतं.

मामांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. कॉम्प्युटर चालू करणं हे एक काम आणि त्यातल्या फाइली काढणं हे दुसरं. आपल्याला दुसरं करायचं आहे. पहिलं झालं तर झालं. ही गोष्ट डोक्यात पक्की बसली नाही की माणूस मशीन चालू करायच्या नादात डेटा घालवून बसतो.

फाइली असतात हार्ड डिस्कमध्ये. वहीएवढ्या नाही, चांगल्या हातात मावणाऱ्या त्या धातूच्या डबीत. बाकी सगळं, म्हणजे मदरबोर्ड, रॅम, पंखा, वीज पुरवणारा एसएमपीएस, मॉनिटर, हे जळलं, कुजलं, उंदरानं खाल्लं तरी डिस्क शाबूत असू शकते. आणि बहुतेक वेळा असते. आपल्याकडे दिवे जातात-येतात, व्होल्टेज नाचतं, त्यात पहिला बळी जातो तो एसएमपीएसचा. मामांच्या मशीनचंही तेच झालं होतं.

दुकानात मशीन न्यायचंच असेल तर पावतीवर लिहून घ्या: "फॉरमॅट मारू नये. आधी डेटा काढणे." दुकानातला पोरगा कानडी असेल तर त्याच्या भाषेत सांगा, "फॉर्मॅट माडब्याड्री, डेटा बेकु." हे दोनदा सांगा. काउंटरवर ऐकणारा एक असतो आणि आत मशीन उघडणारा दुसरा.

आधी कान द्या

बटण एकदाच दाबा आणि ऐका.

काहीच आवाज नाही, पंखाही फिरत नाही: वीज आत पोचत नाहीये. भिंतीचं सॉकेट, स्टॅबिलायझर, मागची वायर, एसएमपीएसच्या पाठीचा छोटा स्विच बघा. हे सगळं ठीक असेल तर एसएमपीएस किंवा बोर्ड गेला. डिस्कची काळजी नको. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज राहते.

पंखा फिरतो, पण पडदा काळा आणि बीप-बीप आवाज: बऱ्याचदा रॅम. वायर काढून, रॅमची पट्टी बाहेर काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबरनं पुसायचे, भुगा झटकायचा आणि खटकन बसेपर्यंत परत दाबायची. हा उपाय इतका जुना आहे की सांगायला लाज वाटते, पण अजून चालतो. खानापूरच्या पुढे, जांबोटी-कणकुंबीकडच्या घरांत पावसाळाभर बंद राहिलेल्या मशीनचं हे ठरलेलं दुखणं. अशी मशीन उघडली की आत पालीची अंडीही सापडतात, दचकू नका. ओल दिसली तर झाकण काढून दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत ठेवा आणि मगच वीज द्या. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. आपला बासमती खायला चांगला, डिस्क वाळवायला नाही.

पडद्यावर अक्षरं येतात, तारीख भलत्याच सालातली दाखवते आणि एफ१ दाबायला सांगते: बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला. सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. हा सेल संपला की बायोसमधल्या, म्हणजे मशीन उठताना सगळ्यात आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममधल्या, सेटिंग्ज मूळ पदावर जातात. त्यात डिस्क वाचायची पद्धत बदलली तर चांगलं असलेलं विंडोजही निळा पडदा दाखवून थांबतं. लोक समजतात विंडोज उडालं, आणि फॉरमॅट मारतात!

विंडोजचं चिन्ह येतं आणि तिथेच अडकतं, किंवा ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही म्हणतं: विंडोज बिघडलं असेल किंवा डिस्क. दोन्ही शक्यता धरून चाला.

आणि डिस्कमधून ठराविक लयीत टक्-टक्-टक् आवाज, किंवा करकर: ताबडतोब वीज बंद. मधलं सगळं सोडून थेट शेवटाकडचा "डिस्कच आजारी असेल तर" हा भाग वाचा.

लॅपटॉपचा नुसता पडदा फुटला असेल तर यातलं काहीच नको. टीव्हीला एचडीएमआय वायरनं जोडा, फाइली पेनड्राइव्हवर घ्या, विषय संपला.

डिस्क बाहेर काढणे

वायर भिंतीतून काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरीही. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. थंडीच्या कोरड्या दिवसांत अंगातली स्थिर वीज डिस्कच्या सर्किटला मारू शकते. झाकण काढायच्या आधी आणि काढल्यावर मोबाइलवर फोटो काढा. कुठली वायर कुठे होती हे पंधरा मिनिटांनी आठवत नाही, मलाही नाही.

डेस्कटॉपची डिस्क साडेतीन इंची, दोन्ही बाजूंनी स्क्रू लावलेली. लॅपटॉपची अडीच इंची, खालच्या झाकणाआड. मागची जोडणी बघून डिस्कचा जमाना कळतो. रुंद चपटी पट्टी आणि दोन ओळींत टाचण्या असतील तर ती आयडीई, साधारण २००५ च्या आसपासपर्यंतच्या मशीनमधली. इंग्रजी एल आकाराच्या दोन पातळ खाचा असतील तर साटा, ही २००३ पासून आली. बारीक पट्टीसारखी, रॅमच्या लहान भावासारखी दिसणारी एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपमध्ये साठवणारी डिस्क, नव्या लॅपटॉपमध्ये असते, तिला जोडायला वेगळी एनव्हीएमई किंवा एम-डॉट-टू साटा डबी (केस) लागते. विकत घेण्याआधी दुकानात डिस्क दाखवा.

आता ही डिस्क दुसऱ्या चालू कॉम्प्युटरला जोडायला लागतो यूएसबी कन्व्हर्टर. जुन्या मशीनसाठी तीन तोंडांचा घ्या: मोठी आयडीई, लॅपटॉपची आयडीई आणि साटा. सोबत १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर आलाय ना, हे दुकानातच बघा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, आणि यूएसबी देतं फक्त ५. अडॅप्टरशिवाय जोडली तर ती फिरतच नाही, आणि माणूस "डिस्क गेली" म्हणून रडत बसतो. अडीच इंचीला यूएसबीची वीज पुरते. आयडीई डिस्कच्या पाठीवर जंपर नावाची छोटी टोपी असते, ती लेबलवरचं चित्र बघून मास्टरच्या जागी बसवा.

दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडल्यावर

आधी डिस्कला वीज, मग यूएसबी. डिस्क सपाट टेबलावर, हलणार नाही अशी. फिरती डिस्क उचलून कानाला लावायचा मोह आवरा.

सगळं सुरळीत असेल तर नवा ड्राइव्ह दिसतो, एकाऐवजी दोन-तीनही दिसतील, कारण त्या काळी सी, डी, ई असे भाग पाडायची पद्धतच होती. पण इथे दोन फसवे प्रश्न येतात.

पहिला: "ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का?" कॅन्सल. झोपेत विचारलं तरी कॅन्सल. याचा अर्थ एवढाच की विंडोजला डिस्कची मांडणी वाचता आली नाही. फाइली आत असू शकतात.

दुसरा: "चुका दुरुस्त करण्यासाठी डिस्क तपासू का?" यालाही नको म्हणा. हे मी अनुभवानं सांगतो. माझ्या आत्याच्या डिस्कवर मी शहाणपणा करून ही तपासणी चालवली. दोन तास ती चालली आणि चुलतभावाच्या मुंजीचे निम्मे फोटो फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये तुकडे होऊन पडले. तपासणी डिस्कवर लिहिते, आणि डिस्कवर काही लिहायचं नाही हाच आपला नियम. आत्या अजून मुंजीचा विषय निघाला की माझ्याकडे बघते.

फोल्डर उघडताना परवानगी नाही असा निरोप आला तर घाबरू नका. जुन्या मशीनमधला युजर या मशीनला ओळखीचा नाही, एवढंच. कंटिन्यू दाबलं की बहुधा उघडतं, फक्त वेळ लागतो. पण त्यात डिस्कवर परवानग्या नव्यानं लिहिल्या जातात, म्हणून डिस्क आजारी असल्याचा संशय असेल तर हे करू नका, खालचा लिनक्सचा (विंडोजऐवजी चालवता येणारी फुकट सिस्टिम) रस्ता धरा.

कुलूप दिसलं आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागितली, तर ते बिटलॉकर. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की हे नकळत चालू झालेलं असतं. की त्याच खात्यात ऑनलाइन जपलेली असते. ज्या ईमेलनं लॅपटॉप चालू केला होता तो आठवा. की नसेल तर कुठलाच दुकानदार काही करू शकत नाही, कितीही सांगो.

उघडायचं नसेल तर लिनक्स

लॅपटॉप उघडायची भीती वाटते, किंवा स्टोरेज बोर्डावरच चिकटवलेलं आहे, आणि मशीन चालू होऊन फक्त विंडोज उठत नाही, अशा वेळी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटची फाइल उतरवा आणि रुफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्हवर चढवा. त्या पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामा घ्या. एक-दोन जीबी रॅमच्या म्हाताऱ्या मशीनला मिंट झेपत नाही, तिथे पपी लिनक्स.

मशीन चालू करताच एफ१२, एस्केप, एफ९ किंवा एफ११ यांपैकी कंपनीप्रमाणे जी लागू पडेल ती कळ टपटप दाबत राहा, पेनड्राइव्ह निवडा. फार जुनी मशीन यूएसबीवरून उठत नाहीत, त्यांना सीडी लागते. डेस्कटॉप दिसला की तिथलं इन्स्टॉल नावाचं चिन्ह विसरून जा. ते दाबून पुढे पुढे गेलात तर लिनक्स तुमच्या डिस्कवर बसेल आणि फाइली खाईल. फाइल मॅनेजर उघडा, जुना ड्राइव्ह दिसेल. ड्राइव्ह फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही असं म्हणालं, तर उत्तम. विंडोज नीट बंद झालं नव्हतं एवढाच त्याचा अर्थ, आणि आपल्याला वाचायचंच आहे. या रस्त्याचा आणखी एक फायदा: सायबर कॅफेच्या काळातले शॉर्टकट व्हायरस जुन्या डिस्कवर अजून जिवंत असतात, ते लिनक्सवर चालत नाहीत.

काय काय घ्यायचं

इथे लोक घाई करतात. डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स घेतात आणि झालं म्हणतात.

विंडोज एक्सपीमध्ये माणसाच्या फाइली सी ड्राइव्हवर डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जमध्ये असतात, विंडोज व्हिस्टापासून पुढे युजर्समध्ये. त्यात तुमच्या नावाचं फोल्डर सबंध उचला. हिशोबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा डेटा तिथे नसतो. तो टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, डेटा नावाच्या जागी, १०००० सारख्या आकडी फोल्डरांत असतो. आकडी फोल्डर अख्खं घ्यायचं, आतली एखाद-दुसरी फाइल नाही. आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाइल शोधा, सगळी पत्रं एकाच फाइलमध्ये असतात. ब्राउझरचे बुकमार्क लपलेल्या फोल्डरात असतात, लपलेल्या फाइली दाखवा हा पर्याय चालू करा. आणि डी ड्राइव्ह. "न्यू फोल्डर" आणि "न्यू फोल्डर २" नावाच्या पोटात लग्नाचे फोटो हमखास निघतात.

शोधताना नावाचं स्पेलिंग लक्षात ठेवा. आपल्या बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदलून बेळगावी झालं. त्याआधीची पत्रं, अर्ज, भाडेकरार जुन्या इंग्रजी स्पेलिंगच्या नावानं साठवलेले असतात. नव्या स्पेलिंगनं शोधलंत तर मशीन काही नाही म्हणेल, आणि तुम्ही ते खरं मानाल.

वेळेचा अंदाज घ्या. जुन्या यूएसबी २ जोडणीतून सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे १०० जीबीला जवळजवळ एक तास, बारीक फाइली लाखभर असतील तर आणखी जास्त. लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जाईना आणि जागा तर भरपूर आहे, असं झालं तर पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला आहे. त्यावर ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. तो पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा. पेनड्राइव्ह, डिस्क नव्हे! फॉरमॅट दाबताना ड्राइव्हचं अक्षर मोठ्यानं वाचा.

अक्षरं गेली कुठे?

शहापूरच्या एका डीटीपीवाल्या दोस्ताची डिस्क काढून दिली तेव्हा तो आधी खूश झाला आणि तासाभरानं फोन करून म्हणाला, "फाइली करप्ट झाल्यात रे. सगळी इंग्रजी बाराखडी दिसायलीय." फाइली ठणठणीत होत्या. त्याच्याकडे फॉन्ट नव्हते.

हे आपल्या भागात फार होतं, म्हणून जरा सविस्तर. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी टायपिंग म्हणजे वेषांतर होतं. फाइलमध्ये साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच, फक्त फॉन्ट त्यांच्या जागी क, ख, ग काढून दाखवायचा. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, डीव्हीबी सुरेख, सगळ्यांचं हेच, आणि प्रत्येकाची जागा वेगळी. तो फॉन्ट नव्या मशीनवर नसला की वेष उतरतो. शिवाय बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीटीपीच्या मशीनवर संसार दुहेरी असतो. लग्नपत्रिका श्रीलिपीत आणि तहसीलदारांना द्यायचा अर्ज नुडी किंवा बरह या कानडी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. एकाच फाइलमध्ये वरती मराठी, खाली कानडी, आणि फॉन्ट नसले तर दोन्हींचा सारखाच चिवडा.

म्हणून विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्स नावाचं फोल्डर सबंध कॉपी करा. हे पहिल्या दहा मिनिटांत करा, कारण हेच विसरतं. नंतर हवे ते फॉन्ट नव्या मशीनवर टाकले की पत्रिका जशीच्या तशी उभी राहते. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरला कुलूप म्हणून मशीनच्या मागे बोटाएवढं डोंगल लावलेलं असायचं. जुना सीपीयू देण्याआधी पाठ बघा. फॉन्टशिवाय फक्त वाचायचं असेल तर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर आहेत, मराठीचेही आणि नुडीचेही. रफार आणि जोडाक्षरं ते चुकवतात, तेव्हा नावं आणि गट नंबर डोळ्यांनी ताडून घ्या. आणि अशा फाइलींच्या आतला मराठी मजकूर सर्चमध्ये सापडत नाही, कारण मशीनच्या लेखी तो मराठी नाहीच.

डिस्कच आजारी असेल तर

टक्-टक् करणारी डिस्क घरी बरी होत नाही. आतली सुई, म्हणजे हेड, चकतीला घासत असेल तर प्रत्येक मिनिट थोडा डेटा खरवडून टाकतं. फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका, आत दव धरतं. झाकण तर मुळीच उघडू नका. धुळीचा एक कण पुरतो.

आवाज नाही पण कॉपी मध्येच अडते, मशीन गोठतं, असं असेल तर मधली अवस्था आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरनं डिस्कची तब्येत बघा. पिवळी खूण आली तर आधी सगळ्यात मोलाच्या फाइली घ्या, सिनेमे-गाणी नंतर. कॉपी वारंवार अडत असेल तर फाइली एकेक उचलण्याऐवजी आख्ख्या डिस्कची प्रत काढणं बरं. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हेच करतं: चांगला भाग आधी उचलतं, खराब जागा नोंदवून ठेवतं आणि शेवटी तिथे परत जातं. मग पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करायची. डिस्क सुदृढ असून फाइली पुसल्या गेल्या असतील, तर टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही फुकट साधनं आहेत. फोटोरेक फाइली आणतं, पण त्यांची नावं आणत नाही. चार हजार फोटो आकड्यांच्या नावानं मिळतील, तयारी ठेवा. सापडलेलं त्याच डिस्कवर कधीही साठवू नका. एसएसडीवरून पुसलेलं मात्र सहसा परत येत नाही, ती पुसलेली जागा स्वतःच झाडून टाकते.

डेटा काढून देणाऱ्या लॅबकडे द्यायची वेळ आली तर आधी विचारा: तपासणीचे पैसे किती, डेटा नाही निघाला तर किती, आणि पैसे भरण्याआधी निघालेल्या फाइलींची यादी दाखवणार का. डिस्कवर आधार, पासबुक, उताऱ्याचे स्कॅन असतात, हे विसरून कुरिअर करू नका. आणि स्वतः प्रयोग करण्याआधी लॅबला द्या, नंतर नाही. जितके हात जास्त, तितकं हाती लागणारं कमी.

फाइली निघाल्यावर

प्रत्येक प्रकारच्या दोन-चार फाइली उघडून बघा. फोटो मोठा करून, टॅली कंपनी लोड करून, व्हिडिओ मधूनच चालवून. मग दुसरी प्रत काढा, दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरी. मामांची एक प्रत वडगावात आहे, एक माझ्याकडे टिळकवाडीत.

जुनी डिस्क निदान सहा महिने ठेवा. काहीतरी राहिलेलं असतंच. मामांना चौथ्या महिन्यात आठवलं की जीएसटीची कागदपत्रं डी ड्राइव्हवर नव्हे, ई ड्राइव्हवर होती. डिस्कवर कागद चिकटवून कोणाची, कुठल्या साली काढली, आत काय, हे पेननं लिहा. सीपीयू भंगारात द्याल तेव्हा डिस्क त्यात राहू देऊ नका. आणि डिस्कही टाकायची वेळ आली की सुताराकडून ड्रिलनं चकत्यांच्या आरपार दोन-तीन भोकं पाडून घ्या. अडीच इंची डिस्कच्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात, त्या फुटतात, तेव्हा आधी फडक्यात गुंडाळा.